ऑसमचा दंड

आमच्या सावेडीच्या इंग्लिश स्पीकिंग क्लासचे किस्से सांगायला बसले, की माझा चहा हमखास गार होतो. विद्यार्थी सगळे पन्नाशीपुढचे आणि जोशी मॅडम जेमतेम पंचविशीच्या!

'ऑसम' शिकलो आणि ऊठसूट तेच सुरू. फळा ऑसम, पंखा ऑसम! मॅडम वैतागल्या. "बघून तोंडाचा आ झाला, तरच ऑसम. साध्या गोष्टीला म्हणाल, तर सगळ्यांना भेळ!"

पहिला दंड मलाच. सासूबाईंच्या पिठल्याला ऑसम म्हणाले, असं मी कौतुकानं सांगितलं.

"पिठलं खरंच तसं होतं?" मॅडमनी विचारलं.

"छे हो! पण घरात राहायचंय मला!"

भेळ आणावी लागलीच.

देवळाली प्रवऱ्याचे भाऊसाहेब ऊसवाले. त्यांनी मोबाईलवर म्हशीचा फोटो दाखवला. "मॅडम, ऑसम!"

"साधीच तर आहे."

"साधी? सरपंचाला शिंगावर घेतलंय तिनं!"

मॅडमच्या तोंडाचा आ झाला. दंड माफ!

हेच भाऊसाहेब घरी नियम पाळायला गेले. बायकोनं नवी साडी नेसून "कशी दिसते?" विचारलं. हे म्हणाले, "चांगली हाय, पन ऑसममधी बसत न्हाई." त्या रात्री ते उपाशी झोपले.

केडगावचे पाटोळे मामा मात्र दंडाला फार घाबरायचे. पूर्वी टेम्पो चालवायचे. कॅनडातल्या नातीला मराठी येत नाही. फोनवर "हाय आजोबा, बाय आजोबा" करून ती पळायची. मामा म्हणायचे, "पोरीनं घटकाभर माझ्यासंगं बोलावं, बास! बाकी इंग्लिश काय करायचंय मला?" ऐकून माझा जीव तुटायचा.

एकदा क्लासमध्येच त्यांना तिचा व्हिडिओ कॉल आला. तिनं घोड्याचं चित्र कॅमेऱ्यासमोर धरलं. "ऑसम, आजोबा?"

मामांनी चष्मा पुसून चित्र नीट पाहिलं. "नो. नॉट ऑसम."

आम्ही गार! मॅडमनी कपाळावर हात मारला. "मामा, लहान पोरीला असं म्हणतात का!"

"व्हाय?" नातीनं विचारलं.

"हॉर्स... ओन्ली थ्री लेग!"

ती उठून गेलीच. मामांचा चेहरा पडला. फोन ठेवणार, तेवढ्यात ती धापा टाकत परत आली. घोड्याला आता पाच पाय!

"नाऊ?"

मॅडम मागून जोरजोरात मान हलवत होत्या, हो म्हणा, हो म्हणा! मामांनी पाय मोजले.

"नो! वन एक्स्ट्रा!"

ती खदखदून हसली. हातात रबर घेऊन तिथंच फतकल मारून बसली आणि म्हणाली, "आजोबा, डोन्ट गो!"