निकेतचं नवं कार्ड

शेजारच्या निकेतला जुनं काही खपत नाही; आईचा पाटासुद्धा त्याने भंगारात घातला. मांडव्याच्या एका लाँच कंपनीचा तिकिटांचा जुना संगणक हुबेहूब क्लाउडवर उभा करायचं काम त्याला मिळालं. सोमवारपर्यंत नेटवर्क लागलं नाही तर काम जाणार होतं. त्याने सर्वांत नवं आभासी नेटवर्क कार्ड जोडलं. जुन्या संगणकाने ते ओळखलंच नाही. तीन दिवस निकेत क्लाउडवाल्यांना शिव्या देत होता.

"त्या म्हाताऱ्या कंप्युटरला त्याच्या वेळचं कार्ड देऊन बघ ना रं," त्याची आई ठमाबाई म्हणाली.

"आई, तुला यातलं काय कळतं गं?"

रविवारी त्याने क्लाउडवरच्या कार्डांच्या यादीतलं सर्वांत जुनं कार्ड गुपचूप निवडलं आणि नेटवर्क लागलं. कंपनीसाठीचा इंग्रजी अहवाल त्याने माझ्याकडून तपासून घेतला. मी अकरा चुका सुधारल्या. 'हा उपाय माझ्या संशोधनातून सापडला', ही बारावी तशीच ठेवली.