कहकशाँबाईचं पोस्टकार्ड

अकोल्यात कोर्टाच्या मागच्या गल्लीत कहकशाँचं टाइपिंग सेंटर होतं. एक टाइपरायटर, एक जुना कॉम्प्युटर, दोन खुर्च्या आणि बाहेर गिऱ्हाइकांसाठी बाकडं. तिचे वडील त्याच जागी बसून लोकांचे अर्ज लिहीत. ते म्हणायचे, "बेटी, घरात काहीही बोल, पण कोर्टापाशी पोट मराठीच भरते." म्हणून त्यांनी तिला मराठी शाळेत घातलं. ते गेले तेव्हा ती बावीस वर्षांची होती. लग्नाची दोन स्थळं मोडली, तिसऱ्याला तिनंच नाही म्हटलं आणि वडिलांच्या खुर्चीत जाऊन बसली. धाकटा भाऊ वकार शेजारीच टीव्ही दुरुस्त करायचा.

दोन हजार पाच साली ती एक्केचाळीस वर्षांची होती आणि दिवसभर एकाच तऱ्हेचे अर्ज टाइप करत होती. तेल्हारा, अकोट, पातूर, कुठून कुठून बाया यायच्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत नवऱ्याच्या पंचनाम्याची नक्कल. मृताचं नाव, वय, गाव, मृत्यूचं कारण. कारणाच्या रकान्याशी आलं की कहकशाँला कागदाकडे बघावंही लागत नसे. बोटं आपोआप 'विषारी औषध' लिहून मोकळी होत. एके दिवशी आपली बोटं अशी चालतात हे तिच्या लक्षात आलं, आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

या सगळ्यात तिला एकच विरंगुळा होता. 'उल्का-सात'.

ही टीव्हीवरची अंतराळातली मालिका. शहाण्णव सालापासून दोन वर्षं, दर रविवारी सकाळी लागायची. ग्रह थर्माकोलचे आणि यानातले दिवे जिलेटिनच्या कागदाचे, हे शेंबड्या पोरालाही कळायचं. तरी त्या अर्ध्या तासात पानठेले ओस पडायचे. यानाचा कप्तान रणधीर, तापट, तोंडाचा फटकळ. यानावरचा डॉक्टर मीर, शांत, कमी बोलणारा. शेवटी यानाला आग लागते, डॉक्टर एका बर्फाच्या चंद्रावर मागे राहतो, कप्तान उरलेल्या माणसांना घेऊन निघतो, आणि तिथंच मालिका बंद पडली. पुढचा भाग कधी आलाच नाही.

लोक चार दिवस हळहळले आणि विसरले. कहकशाँ विसरली नाही. तिनं पुढचा भाग स्वतःच लिहून काढला. वर्तमानपत्रात वाचकांच्या पत्रांत तसंच दुःख करणारी एक बाई सापडली. अमरावतीची रागिणी, हायस्कुलात विज्ञान शिकवणारी. दोघींनी मिळून 'उल्कापत्र' सुरू केलं. तीन महिन्यांनी एक अंक, वीस-बावीस पानं, झेरॉक्स काढून स्टेपल मारलेली. चित्रं रागिणी काढायची, टाइपिंग कहकशाँ करायची. अकोला-अमरावती मिळून साठ-सत्तर वाचक होते आणि त्यांतलेच काही पुढच्या गोष्टी लिहून पाठवायचे.

त्यांत सगळ्यात सरस लिहायचा तो हिवरखेडचा नितेश. रेघी वहीची पानं, निळी शाई, तिरपं अक्षर. बाकीच्यांच्या गोष्टींत लढाया असत. नितेशचा डॉक्टर त्या बर्फाच्या चंद्रावर काचेखाली वेली लावायचा. वेल कसा बांधावा, कोवळ्या पानावर सावली कशी धरावी, मुळाशी पाणी साचलं तर रात्रीतून काय होतं, हे वाचताना बर्फाला मातीचा वास यायचा. कहकशाँनं त्याच्या आठ गोष्टी छापल्या होत्या. कृषी महाविद्यालयातून शिकून गेलेला, चष्मा लावणारा कोणी हुशार मुलगा असणार, असं तिनं मनाशी धरलं होतं.

नववी गोष्ट आली त्या दुपारी कोर्टाला सुट्टी होती. गोष्टीचं नाव होतं 'बर्फावरचं घर'. कप्तान सगळी माणसं सुखरूप पोचवून, नोकरी सोडून, एकटा परत येतो. डॉक्टरचे गारठलेले पाय मांडीवर घेऊन तिळाचं तेल चोळतो. दोघं घर लिंपतात, भांडतात, पुन्हा बोलतात. इथपर्यंत कहकशाँचे डोळे भरून आले होते. मग तिनं पान उलटलं.

'कप्तानानं डॉक्टरच्या कपाळावर ओठ ठेवले. दोस्त ठेवतो तसे नाही. मग दिवा बारीक केला आणि दोघं एकाच गोधडीत निजले, जशी बाकी दुनिया निजते.'

तिनं तेवढं दोनदा वाचलं. कान तापले. कोणी बघितलं की काय म्हणून तिनं दाराकडे पाहिलं, पानं उपडी करून त्यांच्यावर पंचिंग मशीन ठेवलं, आणि उठून निम्मं शटर ओढून घेतलं. ज्या दोघांना ती नऊ वर्षं घरच्या माणसांसारखं ओळखत होती, त्यांच्या घरात आपण न सांगता शिरलो आणि नको ते पाहिलं, असं तिला झालं. त्यामागून संताप आला.

तिनं रागिणीला फोन लावला आणि दबक्या आवाजात ती तीन वाक्यं वाचून दाखवली.

रागिणीनं शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "छाप."

"काय?"

"छाप म्हणते. चांगली आहे."

"अगं, दोन माणसं आहेत ती! पुरुष!"

"मले माहीत आहे. कहकशाँ, एक सांग. कप्तान जखमी होते त्या भागात डॉक्टर काय करते?"

"रात्रभर जागते."

"आणि कप्तान शुद्धीवर आल्यावर पहिलं काय इचारते?"

कहकशाँला ते पाठ होतं. 'मीर जेवला का?' स्वतःची जखम ओली असताना कप्तान असं विचारतो. तेव्हा तिला ते दृश्य इतकं आवडलं होतं की तिनं वकारला त्याची टेप करायला लावली होती.

"मी तर पहिल्या वर्षापासून असंच पाहून राहिली," रागिणी म्हणाली. "मले वाटलं, तूही पाहतेस. आपण बोलत नाही, एवढंच."

कहकशाँनं फोन ठेवून दिला. तिला घाम फुटला होता. नितेशनं लिहिलं म्हणून नव्हे. ती सगळी दृश्यं आता एकेक करून तिच्या डोळ्यांपुढून जात होती आणि एकही दृश्य त्या गोष्टीला खोटं पाडत नव्हतं म्हणून. आपलं इतक्या वर्षांचं पाहणंच कोणीतरी हिसकावून घेतल्यासारखं तिला वाटलं. त्या तिरीमिरीत तिनं खणातून पोस्टकार्ड काढलं आणि टाइपरायटरवर चढवलं.

'तुमची गोष्ट मिळाली. कप्तान आणि डॉक्टर नवराबायकोसारखे राहतात असं लिहिताना लाज वाटली नाही? तुमच्या घरात असंच चालत असेल. यापुढे काही पाठवू नका.'

खाली सही केली, पत्ता घातला आणि घरी जाताना कार्ड पेटीत टाकलं.

नितेशचं उत्तर आलं नाही. पुढच्या अंकात त्याची गोष्ट नव्हती. वाचकांची पत्रं आली, हिवरखेडवाला कुठं गेला? तिनं उत्तरं दिली नाहीत. रागिणीशीही ती कामापुरतंच बोलू लागली.

चार महिन्यांनी जमुना नावाची एक बाई अर्ज टाइप करायला आली. पंचविशीची असेल, कडेवर तान्हं मूल. नाव, वय झालं, गावाशी आल्यावर ती म्हणाली, "हिवरखेड."

कहकशाँची बोटं थांबली. अर्ज पूर्ण करून, कागद जमुनाच्या हातात देऊन मग तिनं हळूच विचारलं, "तुमच्या गावात नितेश म्हणून कोणी आहे काय? लिहितो-बिहितो?"

"नितेश? नत्थुजीचा पुतन्या. तो कायले लिहिते, बाई? तो त सुरतले गेला, तीन वर्सं झाले."

"तीन वर्षं?"

"हो. घरी नत्थुजीच राह्यते. अन् गयासभाऊ राहे." जमुनानं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "दोघं मिळून पानपिंपरीचा मळा करत. तीस वर्सं झाले असतील. बायको नाही, लेकरू नाही, दोघंच. कोनी काही म्हने नाही. मग एक कारड आलं."

"कार्ड?"

"नितेशच्या नावाचं. किराना दुकानात टपाल ठेवतेत ना आमच्याकडं, तिथं दिवसभर पडून होतं. ज्यानं मीठ घेतलं त्यानं वाचलं. त्याच्यात लिहेल होतं म्हने, तुमच्या घरात असंच चालते." तिनं कहकशाँकडे पाहिलं. "कोन्या बाईनं लिहेल होतं, अकोल्याच्या. दुसऱ्या दिवशी मळ्याच्या भिंतीवर पोरांनी कोळशानं घान घान लिहून ठेवलं. गयासभाऊ आठ दिवस घराबाहेर निंघाला नाही. मग बहिनीकडे गेला, बाळापूरले. तुमाले बरं नाही काय, बाई?"

कहकशाँ उभी राहिली होती, ती बसली. अकोल्यात बसून, रागाच्या भरात, कोणाला टोचावं म्हणून आपण जे वाक्य ठोकलं, ते खरं होतं. ते बंद पाकिटातही घातलं नव्हतं.

जमुना गेल्यावर तिनं रागिणीला फोन केला. "तू ये," एवढंच म्हणाली.

रविवारी दोघी एसटीनं हिवरखेडला गेल्या. मळा गावाबाहेर होता. शेवरीच्या झाडांवर चढवलेले पानपिंपरीचे, म्हणजे औषधी पिंपळीचे, हिरवेगार वेल आणि त्यांच्या सावलीत वाकलेला एक साठी उलटलेला माणूस. धोतर, बंडी, कानावर चष्म्याची दोऱ्यानं बांधलेली काडी. भिंतीवर नुकताच चुना मारलेला होता. त्याखालून कोळशाची अक्षरं अजून कळत होती.

"नत्थुजीकाका," कहकशाँ म्हणाली, "मी कहकशाँ. उल्कापत्रवाली."

म्हातारा सावकाश सरळ झाला. तिला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बसा," तो म्हणाला. "चा मांडतो."

"काका, ते कार्ड मी लिहिलं."

"सही होती ना त्याच्यावर." त्यानं हात पुसले. "पुतन्याचं नाव मीच टाकत होतो. म्हाताऱ्या मानसानं असं काही लिहेल पाह्यलं त लोक हसतेत. तो जाताना टीव्ही ठेवून गेला, तसं नावही ठेवून गेला समजा."

रागिणीनं विचारलं, "काका, लिहायला लागले कसे तुमी?"

"गयासच्या पायी. मालिका बंद पडली त्या रविवारी तो जेवला नाही. म्हने, नत्थू, मीरले तिथं सोडून कप्तान गेला कसा? रोज तेच. झोपेना. मग मी वही घेतली. म्हटलं, गेला नाही तो, आइक. रोज एक पान लिहो अन् त्याले वाचून दाखवो. त्याले मराठी वाचता येत नाही." त्यानं चुलीत काडी सारली. "पहिल्या आठ गोष्टीत खोटं होतं थोडं. तो म्हने, जसं आहे तसं लिही एकडाव. कोन ओळखते? मी म्हटलं, बरं, लिहितो."

कहकशाँ रडायला लागली. नत्थुजीनं तिच्याकडे बघितलं नाही. "आता रडून काय करता," तो म्हणाला, रागानं नव्हे. "त्याले घिऊन या म्हटलं त आनता काय?"

अंक त्याच आठवड्यात निघाला. त्यात एकच गोष्ट होती, 'बर्फावरचं घर', एक शब्द न बदलता. लेखकाच्या जागी नितेशच राहू दिलं. नत्थुजीचं नाव छापायचा हक्क आपल्याला नाही, एवढं तिला आता कळलं होतं. आधीच्या पानावर संपादिकेनं लिहिलं होतं, ही गोष्ट पाठवणाऱ्याला मी घाणेरडं पत्र लिहिलं, ते माझ्या हातून झालेलं सगळ्यात वाईट टाइपिंग आहे. सतरा अंक परत आले. एकावर कोणी थुंकल्याचा डाग होता. वकारनं वाचलं आणि दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बाजी, मोहल्ल्यात कुणाला दाखवू नको." तिनं मान हलवली. परत आलेल्या अंकांच्या मागोमाग परतवाड्याहून एका नर्सचं पत्र आलं. तिनं यानावरच्या दोन इंजिनीयर बायांची गोष्ट पाठवली होती आणि वर लिहिलं होतं, सहा वर्षांपासून उशीखाली ठेवली होती.

अंक घेऊन कहकशाँ एकटीच बाळापूरला गेली. गयासुद्दीनची बहीण किल्ल्याच्या बाजूला राहायची. तिला वाटलं, अकोल्याची कोणी नात्यातली आली असेल; तिनं आत बसवलं. गयासुद्दीन खाटेवर पाठमोरा होता, आडव्या हाडाचा, पांढऱ्या दाढीचा.

"चाचा, एक गोष्ट वाचून दाखवू?"

तो वळला नाही. बहीण चहाला आत गेली तशी कहकशाँनं हलक्या आवाजात वाचायला सुरुवात केली. कप्तान परत येतो तिथं त्याचे खांदे हलले. तेल चोळतो तिथं तो भिंतीशी बोलल्यासारखा म्हणाला, "तिळाचं नाही, मोहरीचं. मोहरीचंच लावते तो." गोधडीपर्यंत आल्यावर बहिणीच्या बांगड्या वाजल्या. कहकशाँ थांबली आणि अंक त्याच्या उशीपाशी ठेवून निघाली.

तो पंधरा दिवसांनी हिवरखेडला परतला. बहीण नको म्हणत होती, पण पिंपरीची तोडणी आली होती, आणि एकट्या माणसाला तो मळा आवरत नाही, हे कारण कोणालाही सांगण्यासारखं होतं.

हिवाळ्यात दोघी पुन्हा हिवरखेडला गेल्या. किराणावाला अजून त्या दोघांना सामान पोराहाती बाहेर देतो, नत्थुजी सांगत होता. पण जमुना मजुरीला येते, आणखी दोघी येतात. गयासुद्दीन टोपली घेऊन वेलांतून बाहेर आला. रागिणीला त्यानं सलाम केला. कहकशाँपाशी तो थांबला.

"कारड तूच टाकलं होतं ना?"

"हो, चाचा."

तो तिच्याकडे पाहत राहिला. त्यानं टोपली खाली ठेवली, पिंपरी वाळत घातलेल्या ताडपत्रीपाशी गेला आणि उकिडवा बसून शेंगा पसरू लागला. त्या दिवशी तो तिच्याशी आणखी एक शब्द बोलला नाही, आणि नंतरही कधी नाही. नत्थुजीनं चहा आणला. चार कप होते.