बुडाची शिंदी

भिवराबाईला शिंदी आवडायची, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढची हकिकत वाचून ती माळकरी होती असा कुणाचा तरी समज व्हायचा. पाटोद्याच्या बाजूला ओढ्याकाठी शिंदीची झाडं दाट होती आणि तिचं सासर त्या झाडांवरच जगत होतं. निजामाच्या राज्यात झाडं सरकारची, विक्रीचा गुत्ता गुत्तेदाराचा, आणि झाडावर चढून मादक रसासाठी खाच पाडायची ती भिवराच्या नवऱ्यानं, शहादेवनं. सकाळी उतरवलेली मडकी गुत्तेदाराचा माणूस दुकानाला न्यायचा. घरात ताक असावं तशी शिंदी असायची. दुपारी कामावरून आल्यावर वाटीभर पिण्यात बायकांनाही काही वाटत नसे.

मडक्याच्या तळाला जो पांढरा, दाट गाळ राहायचा तो मात्र गुत्तेदार घेत नसे. ती बुडाची शिंदी घरीच राहायची, उन्हाबरोबर आणखी आंबायची, आणि घरात बाळंतीण असली की तिच्या वाट्याला यायची. दाट प्यावं म्हणजे दाट दूध येतं, असा सरळ हिशेब होता. सासू छबुबाईची सगळी बाळंतपणं अशीच झाली होती. त्यातली किती लेकरं जगली, हे तिला कुणी विचारत नसे.

भिवराला पहिली मुलगी झाली तेव्हा तिलाही बुडाची मिळाली. आवडीची चीज, त्यातून सासूच्या हातची. ती खुशीनं प्यायली. मुलगी शांत होती. बघायला आलेल्या बायका म्हणायच्या, लई गुणाचं लेकरू हाय, रडणं म्हणून न्हाई. छातीला लावली की चार घोट घ्यायची आणि तोंड उघडं ठेवून तशीच झोपून जायची. भिवरा तिच्या गालाला बोट लावायची, तळपाय चोळायची; ती जागी होत नसे. मध्ये गुत्त्याचं काहीतरी भांडण होऊन झाडांना हात लावायचा नाही असा हुकूम आला आणि घरात शिंदीचा थेंब राहिला नाही. तेव्हा मात्र मुलीनं घर डोक्यावर घेतलं. वासरासारखी ढुसण्या देऊन ती प्यायची. तिचे गाल भरायला लागले. मग हुकूम उठला, बुडाची आली, आणि मुलगी पुन्हा गुणाची झाली. तशीच झोपून झोपून ती सुकत गेली आणि एक दिवस उठली नाही. सटवाईनं नेली, असं सगळे म्हणाले.

भिवरानं सटवाईला दोष दिला नाही. शिंदी होती तेव्हाची मुलगी आणि शिंदी नव्हती तेव्हाची मुलगी, या दोघी तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. पुन्हा दिवस गेले आणि पोट दिसायला लागलं, तेव्हा तिनं सासूला सांगून टाकलं.

"आत्याबाई, ह्या खेपेला मी बुडाची पिणार न्हाई. वरची बी न्हाई. लेकरू अंगावर हाय तवर न्हाईच."

छबुबाई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "कावून? माळ घालायची का गळ्यात?"

"शेळीनं निंब खाल्ला की दूध कडू लागतंय, तुमीच सांगता."

"शेळी आन बाई एकच का?"

"दूध दोघींच्या बी अंगातूनच येतंय की."

"लई शाणी झालीस. माझ्या सासूच्या सासूपासून शिंदीनंच पान्हा फुटतो. उद्या दूध आटलं तर पोराला काय ओढ्याचं पाणी पाजतीस?"

मुलगा झाला. त्याचं नाव सिदू. तो रडका निघाला. भूक लागली की रडायचा, पोट भरलं की गप्प व्हायचा, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू. त्या घराला रडणाऱ्या तान्ह्या पोराची सवयच नव्हती. छबुबाईला त्यात आयताच पुरावा मिळाला. पोरगं रडतंय म्हणजे दूध पुरत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला ती हेच ऐकवायची.

"रडतंय म्हणून तर पितंय," भिवरा म्हणायची.

शहादेवला दोन्हीकडून ऐकावं लागे. एकदा तो चाचरत म्हणाला, "आगं, घे की जराशी. पोरगं झोपंल, आमी बी झोपू."

"तुमी घ्या आन तुमी झोपा."

त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही.

छबुबाईनं मात्र सोडलं नव्हतं. एका दुपारी तिनं भिवरापुढं ज्वारीच्या आंबिलीचं भगुणं ठेवलं. आंबील आंबटच असते. भिवरा सकाळपासून उपाशी होती. तिनं अर्ध्याहून जास्त संपवलं, तेव्हा तिचे कान गरम झाले. तिनं भगुण्याला नाक लावलं. शिंदीचा वास तिच्याहून चांगला कुणाला कळणार होता?

नेमका सिदू जागा झाला.

"घे त्याला," छबुबाई म्हणाली. "आज बघ कसा झोपतो."

भिवरा भिंतीला टेकून बसली. "न्हाई घेत. तुमी मला पाजलीय. ही उतरस्तवर मी त्याला घेणार न्हाई."

"मग पयली धार काढून टाक आन पाज. त्यात काय एवढं?"

"धार काढली तरी नवं दूध ह्याच अंगातून येणार. माझं डोकं जड हाय तवर दूध बी तसलंच."

सिदूचं रडणं वाढत गेलं. छबुबाईनं त्याला मांडीवर हलवलं, गुळाचं बोट दाखवलं. तो बोट चोखायचा, फसगत कळली की आणखी मोठ्यानं ओरडायचा. भिवराच्या चोळीला ओल आली. ती हात आवळून बसून राहिली.

"दगड हायस का गं?" छबुबाई म्हणाली.

"बायनाबाईचं लेकरू अंगावर हाय. तिच्याकडं न्या."

बायनाबाईचं घर समोरच होतं, पण दोन घरांत बोलणं नव्हतं. तिच्या कुत्र्यानं छबुबाईची अंड्यांवर बसलेली कोंबडी खाल्ली होती. "त्या दारात मी पाय ठेवणार न्हाई. तुला जायचं तर तू जा."

"माझे पाय जागेवर न्हाईत. त्याला घेऊन पडले तर? तुमी पाजलीय, तुमीच उचला."

छबुबाई हलली नाही, भिवराही हलली नाही. सिदूचा आवाज बसायला लागला. रडणं तुटक झालं, तसं छबुबाईचं तोंड उतरलं. तिनं पदर खोचला, पोराला उचललं आणि अंगण ओलांडलं. भिवरा भिंत धरत मागून गेली.

बायनाबाई दारातच शेंगा सोलत होती. "काय छबुकाकी, वाट चुकली का?"

"ह्याला पाज."

"आन ह्याची आई?"

"मला आंबिलीतून शिंदी घातलीय," भिवरा मागून म्हणाली. "तू प्यालीस का आज?"

"न्हाई बाई. आमच्यात सगळी नवराच पितो, मला कुठली उरायला?" बायनाबाईनं सूप बाजूला केलं आणि सिदूला पदराखाली घेतलं. तो असा लुचायला लागला की चुटूचुटू आवाज छबुबाईलाही ऐकू आला. ती उभ्यानंच ऐकत राहिली.

"बसा की काकी. कुत्रं बांधलंय."

छबुबाई बसली.

दिवस कलल्यावर भिवराचं डोकं निवळलं. तिनं ओढ्यावरून एक घागर आणून पाहिली, पाय कुठं अडखळला नाही, तेव्हा कुठं पोराला छातीला लावलं.

दुसऱ्या दिवशी मडक्यातली बुडाची छबुबाईनं आपल्याच वाटीत ओतली आणि भिवरापुढं ताक-भाकरी सरकवली. "दूध आटलं तर मी पुन्यांदा त्या दारात जाणार न्हाई."

"जावं लागणार न्हाई."

दूध आटलं नाही. सिदू रडत रडत वाढला, रांगला, भाकरीचे तुकडे चघळायला लागला. मग भिवरा कधीमधी सणावाराला प्यायली. आधी पोराला पोटभर पाजायचं, स्वतः जेवून घ्यायचं, आणि वाटीभरावर थांबायचं. डोकं पार निवळेपर्यंत पोर छातीला लावायचं नाही, शेजारी घेऊन झोपायचंही नाही. त्या दिवशी सिदू झोळीत आणि त्याच्याकडं बघायला न प्यालेलं कुणीतरी. आळीतल्या लेकुरवाळ्यांना ती हे तोंडावर सांगायची, आणि तान्हं लेकरू असेल तर पिऊच नका म्हणायची.

"तू तर पितीस की," त्या म्हणायच्या.

"माझा भाकरी खातो. तुझा खातो का?"

छबुबाईनं आपली चूक शेवटपर्यंत कबूल केली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, आमच्या सुनेला शिंदी मानवत न्हाई. सणाचा दिवस असला तर मागं ओसरीवर सून वाटी संपवत बसलेली असायची.