एल्विओ मिस्त्री दार मोडतात

आमच्या नाट्यविभागात मुलं अकरा, मास्तर चार आणि हातोड्या सतरा. विद्यापीठाचं मुख्य आवार दोनशे किलोमीटरवर. तिथे संगमरवरी जिना आहे, कारंजं आहे, कारंज्यात पाणीसुद्धा आहे. आमच्या सान इलारियो गावाच्या वाट्याला आली रेल्वेची जुनी मालगोदामाची पत्र्याची शेड. पूर्वी तिथून गहू बाहेर जायचा, आता पदवीधर जातात. गव्हाला भाव बरा मिळायचा.

शिकवण्याची आमची रीत सोपी आहे. पहिल्या दिवशी मुलाच्या हातात पुस्तक देत नाही, झाडू देतो. दर सहामाहीला एक नाटक. ते मुलांनीच लिहायचं, त्याचे कपडे शिवायचे, दिवे टांगायचे, पडदे रंगवायचे, तिकिटं फाडायची आणि शेवटी श्वास उरला तर त्यात कामही करायचं. कोण काय करणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. चार वर्षांत प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्येक काम आलंच पाहिजे, त्याशिवाय पदवी नाही. राजाची भूमिका करायला आलेला मुलगा वर्षभर खिळे उपटत बसतो आणि बहुधा त्यानंतरच बरा राजा होतो.

खिळे उपटायला शिकवणारे एल्विओ कास्तान्यो. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणतं. सव्वीस वर्षं ते आमची कार्यशाळा चालवत होते. शाळा सहावीपर्यंत, पण सांधा असा जुळवायचे की त्यात विद्यापीठाची पदवीसुद्धा शिरणार नाही. रोज सकाळी सहाला शेड उघडायचे, किटली चढवायचे, येर्बाच्या पाल्याच्या चहाचे चार कडू घोट घ्यायचे आणि एका खिशात पांढऱ्या सरसाची बाटली, दुसऱ्यात स्क्रूड्रायव्हर घेऊन फेरी मारायचे. डुगडुगणारी खुर्ची, सैल बिजागरी, उचकटलेली फळी, जे हललं ते घट्ट करायचे. एकदा मीच वाकून बूट शोधत होतो, तर माझ्याही पाठीवर त्यांनी दोन बोटांनी वाजवून पाहिलं होतं.

पाच वर्षांपूर्वी वरून पत्र आलं. पदवी नसलेल्या शिक्षकांची नेमणूक अमुक साली एकतीस मार्चला संपेल, असं त्यात होतं. मिस्त्रींनी ते वाचलं, नीट चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं. आमच्या विभागप्रमुख एल्सिराबाई यांनी ते तिथून काढलं. टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं, आणि मिस्त्रींना सत्तावन्नाव्या वर्षी पहिल्या वर्षाचा अर्ज भरावा लागला. पंचविशी उलटलेल्यांसाठी वेगळी प्रवेशपरीक्षा असते. एवढ्या उलटलेल्या पंचविशीचा उमेदवार ती घेणाऱ्यांनीही पाहिला नव्हता.

चार वर्षं मिस्त्री एकाच शेडमध्ये मास्तरही होते आणि विद्यार्थीही. नाट्येतिहासात त्यांना दहापैकी सहा मिळाले. शिवणात आठ. सुतारकामाच्या विषयाला परीक्षक तेच होते. एल्सिराबाई म्हणाल्या, तुम्हाला माफी देऊ. ते म्हणाले, नको. स्वतः स्टूल केलं, स्वतःच उलटंपालटं करून पाहिलं आणि स्वतःला सात दिले. एका सांध्यात फट होती म्हणे. आम्ही चष्मे लावून ती फट शोधली, आम्हाला सापडली नाही.

राहिला एकच विषय. अभिनय.

मिस्त्रींना खोटं वागता येत नसे. त्यांची बायको नेलिदा म्हणायची, "आमचे हे खिळा ठोकण्याआधी त्याची माफी मागतात. हे काय अभिनय करणार?" शेवटच्या सहामाहीत चिठ्ठीत त्यांना फौजदार आला. गावात परवानगीशिवाय नाच चालला आहे, फौजदार लाथ मारून दार मोडतो, आत येतो आणि म्हणतो, "नाच बंद." पुढे आणखी सात वाक्यं. नोकरी टिकायची तर ही आठ वाक्यं दहापैकी चार गुणांइतकी तरी बरी म्हणायची होती.

तालमीत दार नव्हतं, नुसती खडूची रेघ होती. मिस्त्री हवेत लाथ मारायचे, मग रेघेपाशी पाय पुसायचे, टोपी काढायचे आणि म्हणायचे, "येऊ का?" आमच्याकडे कोणाच्याही घरात शिरताना हे म्हटल्यावाचून पाऊल पडत नाही, चोरसुद्धा पुटपुटत असावेत. एल्सिराबाई कपाळावर हात मारायच्या. "अहो, तुम्ही दार मोडलंय! आता कसली परवानगी मागता?" मिस्त्री म्हणायचे, "मोडलं म्हणूनच जास्त विचारायला हवं ना, बाई."

दार करायची चिठ्ठी मिलेनाला आली होती. ती खाटकाची मुलगी, हात भक्कम, बोलणं त्याहून भक्कम. मोडायचं दार करणं हे न मोडणाऱ्या दारापेक्षा अवघड काम. मधली फळी मागून जवळजवळ आरपार कापायची, कागदाच्या पट्टीनं तोलून धरायची आणि समोरून असं रंगवायचं की शंभर वर्षं टिकेल. तिनं अशी चार दारं केली. तीन तालमीत मोडली. मिस्त्रींनी तीन वेळा लाथ मारली आणि तीनही वेळा तुकडे गोळा करताना त्यांचा चेहरा प्रेतयात्रेला आल्यासारखा होता. चौथं दार प्रयोगासाठी. त्या दारावर मिलेनाचीही परीक्षा होती.

इथे आमचा एक नियम सांगितला पाहिजे. प्रयोगाच्या दिवशी नटानं अवजाराला हात लावायचा नाही. लावला तर परीक्षा रद्द. एका नटानं जिन्याचा खिळा आपल्या सोयीनं हलवला होता आणि दुसऱ्या नटाचा पाय मोडला होता, तेव्हा हा नियम झाला. केला मिस्त्रींनीच. पुढे गाउना नावाच्या मुलानं प्रयोगाच्या दुपारी आपल्या सिंहासनाचा एक स्क्रू पिळला, तर मिस्त्रींनी त्याची परीक्षा रद्द करायला लावली. गाउनाची आई रडत आली. मिस्त्रींनी तिला येर्बा पाजली, रुमाल दिला, परीक्षा दिली नाही.

प्रयोग डिसेंबरात, म्हणजे आमच्या भर उन्हाळ्यात, संध्याकाळी सातला. बाहेर लख्ख ऊन, आत एकशे चाळीस माणसं आणि तेवढेच पुठ्ठ्याचे पंखे. परीक्षक तिघं: एल्सिराबाई, उच्चार शिकवणारा मी, आणि मुख्य आवारातून आलेले प्राध्यापक ओदेर्मान. हे गृहस्थ खुर्चीत बसण्याआधी खुर्चीचा अर्थ काय ते सांगत. नेपथ्याचे गुणही त्या दिवशी तेच देणार होते, कारण नेहमी ते देणारा माणूस फौजदाराच्या कपड्यात घाम पुसत होता.

नाच रंगात आला. दारावर लाथ बसली. दार थरारलंसुद्धा नाही. दुसरी लाथ बसली. वरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, दार तसंच. तिसरी लाथही फुकट. विंगेत मिलेना पांढरीफटक. आत नाचणारी मुलं एक पाय वर घेऊन थांबलेली. आणि मग दारावर टकटक झाली, अगदी हलकी.

"येऊ का?"

आतल्या मुलीच्या तोंडून, जन्मभराच्या सवयीनं, निघून गेलं, "या ना."

तिनं दार उघडलं. फौजदार पाय पुसून आत आले, टोपी काढली आणि खाली बघत म्हणाले, "नाच बंद." लोक आधी फुटून हसले आणि मग एकदम गप्प झाले. इतक्या मऊ आवाजात नाच बंद करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे कोणालाच कळेना. उरलेली सात वाक्यं मिस्त्रींनी त्याच आवाजात म्हटली. मी उच्चाराचा मास्तर, पण तेव्हा एकही शब्द मोजला नाही.

पडद्यानंतर आम्ही कार्यशाळेत बसलो. एल्सिराबाईंनी गुणांची वही उघडली. ओदेर्मानसाहेब उभेच होते, त्यांना बसवेना. सत्तेला आपणच घातलेल्या दाराशी आर्जव करावं लागतं, असं काहीसं त्यांनी दहा मिनिटं सांगितलं. शेवटी म्हणाले, "कास्तान्यो, दहा. दार फसलं आणि नटानं त्याचं सोनं केलं. पण दार ते दार. मोडायचं होतं, मोडलं नाही. दारवाल्या मुलीला दोन. फेब्रुवारीत पुन्हा या."

मिलेना म्हणाली, "सर, पहिल्या तिन्हींसारखंच कापलं होतं मी."

"सगळे सुतार असंच म्हणतात," ओदेर्मान म्हणाले.

मिस्त्री मिलेनाच्या दारापाशी उभे होते. सव्वीस वर्षांची नोकरी त्या दहांत होती आणि चार महिन्यांनी पत्रातली तारीख होती, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यांनी दाराच्या मागून हात फिरवला, एका जागी थांबले.

"साहेब, माझे दहा खोडा. सरस मी लावलाय. सकाळी."

एल्सिराबाई म्हणाल्या, "एल्विओ, गप्प बसा."

"बसतो. पण आधी मागून बघा. दोन स्क्रूही आहेत."

प्रयोगाचं दार पाठ बाहेर करून भिंतीला टेकवलं होतं. सकाळच्या फेरीत एक फळी खडखडली. हातानं खिशातली बाटली काढली, स्क्रू पिळले, आणि मिस्त्री पुढच्या खुर्चीकडे गेले. तिसऱ्या लाथेला अंगठ्यात कळ आली तेव्हा त्यांना आठवलं.

"मुद्दाम केलंत?" ओदेर्माननी विचारलं.

"मुद्दाम केलं असतं तर चार स्क्रू लावले असते," मिस्त्री म्हणाले. त्यांना पहिल्यांदाच थोडा राग आला होता.

मी म्हणालो, नियम नटांसाठी आहे, सुतारांसाठी नाही. एल्सिराबाई म्हणाल्या, हात सवयीनं चालला, माणूस चालला नाही. आम्ही दोघांनी मिळून बरीच फिरवाफिरवी केली. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाउनाचाही हातच होता, बाई. त्याच्या आईला मी काय सांगू? बाजारात रोज भेटते ती मला."

परीक्षा रद्द झाली. आता वहीत नापास लिहिलं तर विषय पुन्हा सबंध सहामाही करावा लागतो, म्हणजे मार्च गेला. गाउनाच्या नावापुढे काय लिहिलं होतं ते एल्सिराबाईंनी जुनी वही काढून पाहिलं आणि तेच मिस्त्रींच्या नावापुढे लिहिलं: गैरहजर. गैरहजर माणूस फेब्रुवारीत बसू शकतो. ओदेर्मान म्हणाले, "पण हे तर माझ्यासमोर उभे आहेत. मी यांना पाहिलं, एकशे चाळीस लोकांनी पाहिलं." बाई म्हणाल्या, "सर, तुमच्याकडे कारंजं आहे, आमच्याकडे एवढंच आहे." ओदेर्माननी सही केली. मिलेनाचे दोन खोडले आणि तिचाही निकाल फेब्रुवारीवर गेला.

फेब्रुवारीत सान इलारियोत माणसं राहत नाहीत, नुसतं ऊन राहतं. तरी मुलं आली. कोणी समुद्रावरून, कोणी सोयाबीनच्या शेतातून, एक जण नव्या मैत्रिणीला सोबत घेऊन, तिला दारात तिकिटं फाडायला बसवलं. शेड अशी तापली होती की नाचणाऱ्यांना नाचावंसं वाटेना आणि फौजदाराला नाच थांबवावासा वाटेना. मिलेनानं पाचवं दार केलं. सकाळी सहाला नेलिदा शेडवर हजर होती. तिनं नवऱ्याचे खिसे झडती घेतल्यासारखे तपासले, सरस आणि स्क्रूड्रायव्हर पिशवीत घातले आणि संध्याकाळपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन बसली. मिस्त्री दिवसभर हात पाठीशी बांधून फिरले. एक खुर्ची डुगडुगत होती. ती तीन वेळा त्यांच्या वाटेत आली. तिन्ही वेळा त्यांनी तोंड फिरवलं.

पहिल्याच लाथेत दार मोडलं. फळी मधून कडकडून फुटली आणि मिस्त्री ठरल्याप्रमाणे आत आले, ठरल्याप्रमाणे ओरडले. ते फारच ठरल्याप्रमाणे होतं. आठही वाक्यं आली, एकामागून एक, बाजारातल्या रांगेसारखी. डिसेंबरातला फौजदार कुठे गेला होता कोण जाणे. ओदेर्मानसाहेबांचा चेहरा उतरला, इतक्या लांबून ते त्यालाच भेटायला आले होते.

त्यांनी तीन दिले. मी पाच. एल्सिराबाईंनी चार. सरासरी काढायला पेन्सिल लागली नाही: चार, नोकरीपुरते.

मिस्त्रींनी वहीत वाकून आपला आकडा पाहिला, मान हलवली. मग बोट एक ओळ खाली नेलं.

"मिलेनाला नऊच? दहा का नाहीत?"

एल्सिराबाई म्हणाल्या, "दाराचा एक तुकडा दुसऱ्या रांगेत उडाला. औषधवाल्याच्या टोपीवर."

मिस्त्रींनी मिलेनाकडे पाहिलं. तिनं खाली पाहिलं.

"मग बरोबर आहे," ते म्हणाले. "मी आठ दिले असते."