पुष्पा आत्याचा हेल

वडनेर भोलजीत कुणी गेलं, की अंगणात जमलेल्या बाया पुष्पाबाईची वाट पाहायच्या. ती आली, उंबऱ्याशी टेकली आणि तिनं पहिला हेल काढला, की सगळ्यांच्या घशात अडकलेलं मोकळं व्हायचं. गेलेल्या माणसाच्या खोडी, त्याच्या आवडीचं कालवण, त्यानं कुणाची लेक कशी नांदायला पोचवली, सगळं तिच्या रडण्यात एकामागून एक यायचं आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तो वर चढून एकदम मोडणारा सूर. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. ती रडून उठायची, पदरानं तोंड पुसायची आणि पाहुण्यांच्या चहाचं पाहायला आत जायची. आपण काही विशेष केलं, असं तिच्या मनातही यायचं नाही.

रेणुका ही तिच्या भावाची, चिखलीच्या अर्जुनरावांची मुलगी. लहानपणी आई फार आजारी होती तेव्हा रेणुकाला आत्याकडेच ठेवलं होतं. वडनेरच्या शाळेत ती तीन वर्षं शिकली. आत्याच्या हातच्या भाकरी खाल्ल्या, आत्याच्या कुशीत झोपली. आत्याचे यजमान महादेवराव यांना ती मामा म्हणायची आणि त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जायची. पुढं आई बरी झाली, रेणुका चिखलीला परतली, शिकली आणि तिथल्याच एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला लागली.

दिवसभर लोकांच्या दंडाला रबर बांधून रक्त काढणारी ही शांत मुलगी रविवारी दुपारी काय करते, हे लॅबमध्ये कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं. चिखलीच्या बाहेर कापसाची एक बंद पडलेली जिनिंग होती. तिच्या पत्र्याच्या शेडमध्ये कय्यूमभाई आपलं लग्नाकार्याचं साउंडचं सामान ठेवायचे. त्यांचा मुलगा अकरम, रेणुकाचा वर्गमित्र प्रेम आणि स्वतः रेणुका, असे तिघे तिथं वाजवायचे. वाजवायचे म्हणजे गाणं नव्हे. माइक स्पीकरसमोर धरला की जी कानठळ्या बसवणारी शिट्टी निघते, ती बंद करण्यात कय्यूमभाईंची हयात गेली. अकरम तीच शिट्टी मुद्दाम काढायचा आणि माइक पुढंमागं करून तिला वाकवायचा. प्रेम लोखंडी पिंप आणि पत्रे बडवायचा. पुण्याला शिकायला असताना त्यानं तळघरात होणारे असले कार्यक्रम ऐकले होते आणि तो नाद गावी घेऊन आला होता. रेणुका मोबाइलवर आवाज गोळा करायची. एसटीचे ब्रेक, बोअरचं मशीन, सरकी भरायच्या पंख्याची घरघर. ते आवाज ती चिरायची, ताणायची, इतके मोठे करायची, की शेडचे पत्रे थरथरायचे. आपल्या बँडचं नाव त्यांनी 'खरखर' ठेवलं होतं. ऐकायला दहापाच पोरं यायची, कानात बोटं घालून हसायची. दोघंतिघं मात्र डोळे मिटून उभी राहायची, आणि खरखर त्यांच्यासाठीच होती.

वैशाखात महादेवराव गेले. शेतातून आले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत बाजेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. रेणुका आईवडिलांबरोबर खामगावात एसटी बदलून दुपारी पोचली. अंगण माणसांनी भरलेलं होतं. आजवर गावाच्या मयतीला रडलेली आत्या आज स्वतःच्या कुंकवासाठी रडत होती.

"उन्हाच्या पारी निघाले जी मालक! टोपी राह्यली न तुमची खुंटीले, डोकं तापते न तुमचं जी..."

रेणुकाच्या अंगावर काटा आला. तीही रडत होती, खोटं नाही. मामा तिचेही होते. पण रडता रडता तिचा हात ओढणीखाली गेला आणि मोबाइलवर अंगठा टेकला. आवाज कानावर पडला की टिपायचा, ही सवयच लागली होती. तिनं मनाला समजावलं, की आठवण म्हणून असावं. तिरडी उचलेपर्यंत मोबाइल ओढणीखाली चालू होता.

तिनं ते रेकॉर्डिंग बरेच दिवस उघडलं नाही. पावसाळा सरताना प्रेमच्या ओळखीनं पुण्याहून बोलावणं आलं. मोटरसायकलच्या एका गॅरेजखालचं तळघर, पाच बँड, खरखरला वीस मिनिटं. जिनिंगमध्ये सराव चालला होता, पण काहीतरी कमी पडत होतं. तेव्हा एका रविवारी रेणुकानं तो आवाज लावला. आधी नुसता सूर ताणला, मग त्यावर अकरमची शिट्टी चढली, मग प्रेमचं पिंप. त्या कल्लोळात मधेच सगळं थांबायचं आणि आत्याचा आवाज एकटा, स्वच्छ यायचा. टोपी राह्यली न तुमची खुंटीले.

अकरमनं माइक खाली ठेवला. "ये किसका आवाज हाय बे?"

"आमच्या गावाकडचा," रेणुका म्हणाली.

"विचारलं ना त्यांना?" अकरम म्हणाला.

"हो."

हे खोटं तिच्या तोंडून इतक्या सहज निघालं, की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

पुण्यातल्या तळघरात त्या संध्याकाळी पन्नासेक माणसं होती. शिट्टी सुरू झाली तेव्हा छातीत धडधड व्हावी इतका आवाज होता. मग सगळं थांबलं आणि आत्याचा हेल निघाला. तळघरात कुणी हललं नाही. एक मुलगी भिंतीला टेकून खाली बसली आणि हुंदके देऊ लागली. कार्यक्रम संपल्यावर लोक रेणुकाभोवती जमले. काळे कपडे घातलेल्या, पिकलेल्या दाढीच्या एका गृहस्थानं तिचा हात हातात घेतला. "तो आवाज! कोण आहे ती?"

रेणुकानं हात सोडवून घेतला. "एक बाई आहे," ती म्हणाली. "आमच्याकडच्या खेड्यातली."

ज्या बाईनं तिला तीन वर्षं न्हाऊमाखू घातलं, ती पुण्यातल्या तळघरात 'एक बाई' झाली. टाळ्यांनी रेणुका सुखावली होती, तेही खरं. रात्रभर बसमध्ये अकरम आणि प्रेम गाढ झोपले. ती काचेला डोकं टेकून जागीच होती.

त्या कार्यक्रमाची एक चित्रफीत कुणीतरी मोबाइलवर टाकली. फिरत फिरत ती वडनेरलाही पोचली. दिवाळीच्या आधी आत्याच्या मुलाचा, हर्षलचा फोन आला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच रेणुकाला जास्त लागलं.

"रेणुका, शेजारच्या पोरीनं आईले मोबाइल दाखवला. त्यात आईच रडून राह्यली होती. तुम्ही मांगं डबे वाजवून राह्यले होते."

"हर्षल, मी..."

"आईनं सगळं ऐकलं. मोबाइल वापस देला अन् म्हशीले पानी पाजाले गेली. मले फक्त इतकंच सांग, तू मोबाइल कवा चालू केला? बाबाले घरात ठेवलं होतं तवा?"

रेणुका 'हो' म्हणाली. पलीकडून फोन ठेवला गेला.

तिनं त्याच दिवशी पुण्याला फोन करून ती चित्रफीत काढायला लावली. पण तोवर ती दुसऱ्यांनी उचलली होती. एकानं तर त्या हेलाखाली ठेका टाकून त्याचं नाचायचं गाणं केलं होतं. रेणुकाला ते शेवटपर्यंत ऐकवलं नाही. अकरमला तिनं सगळं खरं सांगितलं. तो बराच वेळ वायर गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "मला खोटं कशाला बोललीस? मी नाही म्हणालो असतो म्हणून, ना?" तेच खरं होतं.

दिवाळी झाली. घरी दुःखाचं वर्ष असूनही आत्याकडून दरवर्षीप्रमाणे शेवेचा डबा आला. फोन मात्र रेणुकानंही केला नाही आणि आत्यानंही.

थंडीत महादेवरावांचे थोरले चुलतभाऊ माणिकराव गेले. अर्जुनरावांबरोबर रेणुकाही गेली. न जाण्याची हिंमत तिला झाली नाही. माणिकरावांच्या अंगणात बाया बसल्या होत्या. आत्या आली, उंबऱ्याशी टेकली. बायांनी पदर सावरले आणि वाट पाहू लागल्या.

आत्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. मग पदराचा बोळा करून तो दातांत धरला आणि मान खाली घातली.

अंगणात एक भलतीच शांतता पसरली. माणिकरावांची सून इकडंतिकडं पाहू लागली. कुणीतरी खोकलं. एका म्हातारीनं धीर करून सूर लावला, पण तो मधेच फाटला आणि ती ओशाळून गप्प झाली. माणिकरावांना तिरडीवर घेतलं तेव्हा बाया नुसत्या मुसमुसत होत्या. जुनी माणसं म्हणाली, मयत कशी मुकी मुकी गेली. रेणुका भिंतीशी उभी होती. सगळं अंगण आपल्याकडेच बघतंय असं तिला वाटत होतं. खरं तर कुणीच बघत नव्हतं.

त्यानंतरच्या आठवड्यात तिनं लॅबमध्ये सुट्टी टाकली आणि एकटीच वडनेरला गेली. आत्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती.

"काऊन वं, एकटीच आली? अर्जुन बरा आहे न?"

रेणुका तिच्यासमोर बसली आणि तिला रडू कोसळलं. "आत्या, मी चोरी केली तुझी."

"चोरी कायची?" आत्यानं एक शेंग फोडून दाणे सुपात टाकले. "मी का खोलीचं दार लावून रडली होती? साऱ्या गावासमोर रडली. ते का कोनाच्या मालकीचं राह्यते?"

"मग तू माणिकमामांच्या अंगणात..."

आत्याचे हात थांबले.

"पोरी, मले माझं रडनं कधी आयकू आलं नव्हतं," ती म्हणाली. "ते आपोआप यायचं अन् जायचं. त्या मोबाइलात म्या आयकलं. तवापासून तोंड उघडलं का पयले माझाच कान टवकारते. आता कसं निघून राह्यलं, मांगच्यावानी निघते का नाही... मानिकभाऊजी समोर पडेल होते अन् माझ्या मनात हे! लाज वाटली वं मले. मंग म्या तोंडात पदर कोंबला."

रेणुकाला वाटलं होतं, आत्या चिडेल, शिव्या देईल किंवा माफ करेल. या तिन्हींची तयारी तिनं केली होती. ह्याची नव्हती.

"आता काय करू, आत्या?"

"काय करतं आता? शेंगा फोड."

संध्याकाळपर्यंत दोघींनी शेंगा फोडल्या. निघताना आत्यानं तिच्या पिशवीत दाणे बांधून दिले.

होळीनंतर आत्या डोळे दाखवायला चिखलीला आली. डोळ्यांत औषध घालून झालं, जेवण झालं, तेव्हा म्हणाली, "तुमचं ते कुठी वाजवता, दाखव मले."

रेणुका तिला जिनिंगवर घेऊन गेली. अकरमची धांदल उडाली. कय्यूमभाईंनी घरून खुर्ची आणली, "बैठो आपा" म्हणाले. कानात घालायला कापूसही दिला. आत्यानं कापूस हातातच ठेवला.

"नव्या सुनेवानी लाजू नका," ती म्हणाली. "वाजवा."

त्यांनी वाजवलं. त्यात माणसाचा आवाज नव्हता. पुण्याहून आल्यापासून रेणुकानं तो कधी वापरला नव्हता. पंख्याची घरघर, अकरमची शिट्टी, प्रेमचं पिंप. पत्रे हादरू लागले. आत्यानं आधी दोन्ही कान पदरानं दाबले. मग हळूहळू हात खाली आले. आवाज आणखी चढला, शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी कळू नये इतका. आणि रेणुकानं पाहिलं, आत्याचं तोंड उघडलं होतं. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, मान वर जाऊन मोडत होती, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. आत्या रडत होती, आणि ते ना कुणाला ऐकू येत होतं, ना तिला स्वतःला.

रेणुकानं तिच्याकडे पाठ केली. भिंतीकडे तोंड करून ती आवाज वाढवत राहिली. अकरमनं हातानं 'बस' अशी खूण केली तरी तिनं थांबवलं नाही. बऱ्याच वेळानं मागं पाहिलं तेव्हा आत्या तोंड पुसत होती.

"डोकं उठलं माय," आवाज थांबल्यावर आत्या म्हणाली. "चहा पाजा कोनी."

चहा झाला. कय्यूमभाईंनी तिला स्कूटरवरून स्टँडला सोडलं. रेणुका अकरमच्या गाडीवरून मागोमाग गेली. आत्यानं खिडकीतून हात हलवला आणि खामगावची बस निघाली.

परतताना रेणुकाच्या मनात एक विचार आला. आजचं ते टिपायला हवं होतं. ती चमकली, अंगावर पाल पडावी तशी. एवढं सगळं होऊनही हात आपला ओढणीखालीच जातो, हे तिला त्या दिवशी कळलं. तिनं अकरमला काही सांगितलं नाही.

प्रेमला पुढं नाशिकला नोकरी लागली. रेणुका आणि अकरम अजून वाजवतात. वडनेरला मयत झाली, की आता माणिकरावांची सून सूर लावते. तिला अजून नीट येत नाही, मधेच अडखळते. पुष्पाबाई तिच्या शेजारी बसते, तिच्या पाठीवरून हात फिरवते आणि स्वतः गप्प राहते. रेणुकाला हे हर्षलनं सांगितलं. तो आता पुन्हा तिच्याशी बोलतो, पण पूर्वीसारखा नाही. ती घरात आली, की आपला मोबाइल उचलून खिशात घालतो आणि एकदा तिच्या हाताकडे बघतो.