तळवे बघणाऱ्या बाई

माझं अक्षर वाकडं आणि शुद्धलेखन चौथीपर्यंतचं, तेवढं माफ असावं. पण माजिवड्याच्या ज्या बाईंकडे मी पोळ्या करायचे, त्यांच्यासारखं माणूस अख्ख्या ठाण्यात दुसरं नाही. लोक चेहऱ्यावरून ओळख ठेवतात, बाई तळव्यांवरून ठेवत.

त्या प्रयोगशाळेत कातडीच्या कॅन्सरच्या गाठी तपासायच्या. आपल्याकडे हा रोग बरेचदा तळव्याला काळा डाग होऊन येतो आणि तळवा कुणी बघत नाही, म्हणून बाई सगळ्यांचे बघत. नमस्काराला वाकलेल्या सुनेला आशीर्वाद सोडून "पाय वर कर गं" म्हणत. कल्याणला भाचीच्या लग्नात नवऱ्यामुलाचे पाय धुताना चष्मा लावून पुढे सरसावल्या. "जावईबापू, जरा उजेडाकडे." भटजी मंत्र विसरले. डाग निघाला नव्या चपलेच्या रंगाचा. विहीणबाई म्हणाल्या, "मुलगा तपासायचा तर साखरपुड्याआधी तपासायचा!"

गाठींचा विषय निघाला की माझी तव्यावरची पोळी करपलीच. "अगं, गाठीत नुसता कॅन्सर नसतो. शरीराच्या राखणदार पेशीही आत शिरलेल्या असतात, नाना तऱ्हेच्या. काही लढतात, काही दमून बसतात, काही चक्क त्यालाच डबा पोचवतात."

"म्हणजे आमच्या कळव्याच्या चाळीसारखंच," मी म्हटलं.

"अगदी! म्हणून तर कोण किती आहे ते बघायचं."

माझे पाय मात्र मी कायम साडीखाली लपवले. मालकिणीला तळवे कसे दाखवायचे? टाचेला डाग होता, तो भेगांतला मळ समजून दगडाने घासायचे. एकदा सांडलेल्या तेलावरून घसरले आणि पाय वर. बाईंनी खाली बसून तो सरळ मांडीवर घेतला.

"बाई, सोडा, पाप लागेल मला."

"गप्प बस." त्यांनी चष्मा लावला आणि टाच उजेडाकडे वळवली.

डाग कॅन्सरचाच निघाला, गाठ काढली. डॉक्टरांशेजारी बसून बाईंनी तिचा तुकडा स्वतः पाहिला आणि तडक आमच्या खोलीवर आल्या. "लढणाऱ्या भरपूर आल्यात तुझ्या बाजूने. दमलेल्या थोड्याच. खात्री देत नाही, पण मला बरं वाटलं."

तपासण्या चालू आहेत, आतापर्यंत सगळं साफ आहे. बाई निवृत्त होऊन मुलाकडे बंगळुरूला गेल्या. तिथून व्हिडिओ कॉल करतात. मी दार लावून घेते आणि लाजत लाजत फोनसमोर टाच धरते. बाई इतक्या जवळ येतात, की मला नुसता चष्मा दिसतो. मग म्हणतात, "ठीक आहे. जेवलीस का?"