मामीच्या फाटकासमोर

गुन्ह्यामागे हेतू नसेल तर रहस्यकथा कोसळते, कारण माणूस हेतूशिवाय काहीच करत नाही. हे वाक्य माझंच आहे. रहस्यकथांच्या परीक्षणात जागा उरली की मी ते वापरतो.

मे महिन्यात सक्करदऱ्याहून मामीचा फोन आला. मामा गेल्यापासून ती एकटी राहते आणि टीव्हीवर खुनाच्या मालिका पाहते. आठवडाभर रोज भरदुपारी तोंड बांधलेलं कोणीतरी फाटकासमोर उभं राहून तिच्या खिडकीकडे बघत होतं. हे ऐकून तिच्या मुलानं तिला पुण्याला न्यायचं ठरवलं होतं. तिला घर सोडायचं नव्हतं.

"एवढे पुस्तकं वाचले ना गा तू," ती म्हणाली, "मंग सांग मले, तो काहून पाहून राहिला?"

मीही तोंडाला दुपट्टा गुंडाळूनच तिच्याकडे गेलो. उन्हाळ्यात आमचं अख्खं शहर दरोडेखोरांच्या वेषात फिरतं. मालिकेतला बुरखेवाला संशयित इथे भाजी घ्यायला आलेला असतो.

गल्लीत कुत्रंही नव्हतं. बंद दारांमागे कूलर घुमत होते. मामीनं आपला बंद ठेवला होता, पावलं ऐकू यावीत म्हणून. पडद्याच्या फटीतून पाहिलं. पांढरा दुपट्टा, काळा गॉगल, हातमोजे. अंगाची जरा हालचाल नाही. मामीनं पडदा बोटभर सरकवला, तसं ते डोकं तेवढंच वळलं. कूलर बंद असून माझी पाठ गार पडली.

मी पुन्हा दुपट्टा गुंडाळून मागच्या दारानं बाहेर पडलो आणि वळसा घालून फाटकापाशी गेलो. दुपट्ट्यामागून बाईचा आवाज आला. मागच्या गल्लीत मुलीचा क्लास होता. तो सुटेपर्यंत ती इथे सावलीला थांबायची. मग तिनं आवाज खाली आणला.

"भाऊ, त्या घरात कोणी राहत नाही वाटते. मंग तो पडदा रोज कोण हलवते?"

माझी मामी, मी म्हणालो. तिनं माझ्या गुंडाळलेल्या तोंडाकडे पाहिलं, दोन पावलं मागे सरली आणि उन्हातून झपाझप निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती तिथे दिसली नाही.

मामीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई होती, पोरीची वाट पाहत होती, अन् तू गेला तशी गायब झाली. हे कोणाले पटन गा?"

माझ्याकडून तिची अपेक्षा जास्त होती. त्याच आठवड्यात ती पुण्याला गेली.

घर भाड्यानं द्यायचं आहे. पाहायला येणारे नळ किती वाजता येतो, एवढंच विचारतात.